नदी डोंगरमाथ्यावरून का वाहते?

हिवाळ्यातल्या सकाळी उपग्रहाने टिपलेले सह्याद्रीचे छायाचित्र उत्तर दिशा वर ठेवून पाहिले, तर पुष्कळांना त्यात डोंगररांगांच्या जागी दऱ्या दिसतात आणि नद्या चक्क डोंगरमाथ्यावरून वाहू लागतात. तेच चित्र उलटे धरले की सारे आपापल्या जागी परतते.

पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूची उजळता उताराची दिशा आणि प्रकाशाची दिशा या दोहोंवर अवलंबून असते. त्यामुळे नुसत्या उजळतेवरून उतार ओळखणे म्हणजे एकाच समीकरणातून दोन अज्ञात राशी काढणे होय. वरून उजळलेला उंचवटा आणि खालून उजळलेला खळगा यांची चित्रे सारखीच येतात. मेंदू ही कोंडी एका गृहीतकाने फोडतो : प्रकाश एकच आहे आणि तो वरून येतो. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे सूर्य आग्नेयेला, म्हणजे छायाचित्राच्या खालच्या बाजूला असतो, आणि तिथे हे गृहीतक फसते. त्यातही हे ‘वर’ मुख्यतः डोक्याच्या संदर्भात ठरते, आकाशाच्या नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये दाखवले, की डावी-उजवी छटा दिलेली वर्तुळे मान आडवी करून पाहिली की त्यांतली काही फुगवटे होतात आणि काही खळगे. नकाशाकार म्हणूनच डोंगरांवर वायव्येकडून उजेड पाडतात, जरी युरोपात त्या दिशेला सूर्य असलाच तर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी क्षितिजालगत असतो.

व्हायकिंग-१ यानाने १९७६ मध्ये टिपलेला मंगळावरचा ‘चेहरा’ही तिरप्या उजेडाचाच खेळ होता. २००१ च्या अधिक स्पष्ट छायाचित्रात तिथे झिजलेली टेकडी दिसली. परग्रहवासीयांच्या शिल्पावर श्रद्धा ठेवणाऱ्यांना अर्थात त्याने काही फरक पडला नाही. आपणही फार हसू नये, कारण हे सगळे ठाऊक असूनही मला ती नदी माथ्यावरच दिसते.

हे गृहीतक जन्मजात की अनुभवातून आलेले? खालून उजेड देऊन वाढवलेली कोंबडीची पिल्लेही छटा पाहताना प्रकाश वरूनच येतो असे धरून वागली, असे १९७० मध्ये आढळले. उलट २००४ मधल्या एका प्रयोगात, दिसणाऱ्या आकारांना माणसांना हात लावू दिला आणि तो स्पर्श जणू प्रकाश ३० अंश बाजूला सरकला आहे असे सुचवेल असा ठेवला. थोड्याच सरावानंतर त्यांच्या डोळ्यांनी गृहीत धरलेली प्रकाशाची दिशाही त्या बाजूला सरकली, आणि स्पर्शाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या चाचणीतही ती तशीच सरकलेली आढळली.