पत्रा डोक्यावर आहे तोवर ठीक, फोडताना जपा

आमच्या खानापूर भागात मे संपत आला की ज्याला त्याला छपरावर चढायची घाई. पाऊस इथला कसा असतो ते सांगायला नको. कौलं असतील तर फुटकी बदलायची, सिमेंटचा पत्रा असेल तर शेवाळ खरवडायचं. मीपण एकदा गोठ्याचे पत्रे तारेच्या ब्रशनं घासले, तोंडाला टॉवेल बांधून, खाली आलो तर आजी म्हणाली, काय रे, गिरणीतनं आलास काय? पण अंगावर होतं ते पीठ नव्हतं.

जुन्या सिमेंट पत्र्यात साधारण दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतो, म्हणजे दगडातनं निघणारा धागा. पत्रा न तडकता वाकतो-सोसतो तो याच्यामुळेच. आता गंमत अशी की हा धागा उभा चिरत जातो, केसाच्या शंभरपट बारीक होतो, डोळ्याला दिसत नाही आणि हवेत तासन् तास तरंगतो. श्वासातनं फुप्फुसात गेला की शरीरातल्या सफाईच्या पेशी त्याला गिळायला बघतात पण तो त्यांच्यापेक्षा लांब, विरघळतपण नाही, मग तिथं वर्षानुवर्षं सूज आणि व्रण. त्यातनं अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुस निबर होत जाणं, फुप्फुसाचा कॅन्सर, नाहीतर मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. दुखणं बाहेर पडायला वीस ते चाळीस वर्षं लागतात म्हणून कुणाला पत्र्याची आठवणच होत नाही. त्यात बिडी-सिगरेट असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कैकपट होतो.

युरोपियन युनियननं २००५ पासून यावर बंदी घातली, आपल्याकडं खाणी बंद पण बाहेरनं आणून पत्रे करायला मोकळीक. मला हे काही पटत नाही.

पण घाबरून उद्याच पत्रे उतरवू नका हं! धड पत्रा सिमेंटात धागा धरून ठेवतो, त्याच्याखाली झोपल्यानं फारसं काही होत नाही. ग्राइंडर लावला, भोकं पाडली, कोरडा घासला, वरनं खाली आपटला की मग धागे सुटतात. म्हणून बदलायचाच तर आधी पाणी मारून भिजवा, हूक सोडवून अख्खा उतरवा, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. टॉवेल-रुमालातनं हे धागे आरपार जातात.

आणि ते तुकडे चिखलात टाकून वाट करायची आपली सवय आहे बघा, त्याच्यावरनं ट्रॅक्टर गेला की परत पीठ. आमच्या गोठ्यामागची वाट तसलीच आहे, पोरं तिथंच गोट्या खेळतात. यंदा त्याच्यावर दोन ट्रॉली मुरूम ओतणार आहे.