प्लाझ्मा आणि एलसीडी: फरक उजेडाचा आहे

भिंतीवरचा कुठलाही चपटा टीव्ही म्हणजे ‘प्लाझ्मा’, असं आजही सर्रास म्हटलं जातं. पण प्लाझ्मा आणि एलसीडी यांचं साम्य त्या चपटेपणावरच संपतं. पडद्यावरचा उजेड येतो कुठून, हे पाहिलं की दोघांची जात वेगळी असल्याचं कळतं.

एलसीडीत उजेड मागून येतो. आधी त्यासाठी बारीक फ्लुरोसंट नळ्या असत, नंतर एलईडी आले. पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे तो उजेड अडवतात किंवा सोडतात. झडप मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, त्यामुळे काळा रंग राखाडीकडे झुकतो. दुकानातला ‘एलईडी टीव्ही’सुद्धा सहसा एलसीडीच असतो, फक्त मागचा दिवा बदललेला.

प्लाझ्मात मागे दिवाच नसतो. दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे आणि त्यांत निऑन-झेनॉन वायू. वीज दिली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे किरण पडले की चमकणारा लेप, उजळतो. ठिपका स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो.

गंमत म्हणजे हे तंत्र टीव्हीसाठी जन्मलंच नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी ते ‘प्लेटो’ या संगणकावरच्या शिक्षणप्रणालीसाठी शोधलं. तेव्हा संगणकाची मेमरी भलतीच महाग होती. एकदा पेटलेला कप्पा कमी व्होल्टेजवरही पेटलेलाच राही, म्हणजे चित्र लक्षात ठेवायचं काम पडदाच करी. रंग मात्र एकच, नारिंगी. फुजित्सूने २१ इंची रंगीत पडदा आणला तो १९९२ मध्ये. ४२ इंची टीव्ही १९९७ च्या सुमारास बाजारात आले.

प्लाझ्मा हरला तो चित्रात नव्हे. पायोनियर कंपनीच्या ‘कुरो’ या प्लाझ्मा टीव्हीचा काळा रंग पाहिलेले लोक आजही त्याचं नाव काढतात. पण झगझगीत शोरूममध्ये एलसीडी जास्त उठून दिसे, वीज कमी खाई आणि वजनालाही हलका होता. फोरके, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांच्या बारीक चित्रासाठी कप्पे आणखी लहान करायचे तर प्लाझ्माचा उजेड घटे. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं. सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले. स्वतः पेटणाऱ्या ठिपक्याची कल्पना आता ओएलईडी या नव्या प्रकारच्या पडद्यांत आहे.

घरातला जुना टीव्ही कुठला, हे ओळखायचं असेल तर तासभर चालवून पुढच्या बाजूला हात लावा: कडक आणि चांगलीच गरम काच लागली, तर तो बहुधा प्लाझ्माच.