कमी चाललेली गाडी आणि उभी राहिलेली गाडी

‘८ वर्षांत फक्त १८ हजार किलोमीटर. नव्यासारखी आहे.’ जुनी गाडी बघायला गेलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य पडलेलं असतं. गाडी घरी आली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एवढी कमी चाललीये, म्हणजे सर्व्हिसिंगचं विशेष काही नसेल ना? ऑइल तेवढं बघून घेतो.’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. गाडी झिजते ती चालल्यानं, आणि जुनी होते ती दिवस गेल्यानं. रीडिंग सांगतं ते फक्त झिजेबद्दल. त्या १८ हजारांमागची ८ वर्षं कुठल्याच काट्यावर दिसत नाहीत.

झीज रोज गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून ती झटपट उरकतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायरची नक्षी, व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे हे सगळं किलोमीटरच्या हिशेबानं जातं, आणि इथे कमी चाललेली गाडी खरोखरच फायद्याची. फक्त रीडिंग खरं आहे याची खात्री करा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगवर हात घासून चकाकी आलीये, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलीये आणि काटा १८ हजार दाखवतोय, असं असेल तर ती गाडी घेऊ नका.

आता खरी मेख. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा तक्ता असतो आणि त्यात बहुतेक ठिकाणी असं काहीतरी लिहिलेलं असतं: १० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते. लोक ‘१० हजार’ वाचतात आणि तिथेच थांबतात. काही जण ‘किंवा’ वाचतात, पण दोन्हींतलं सोयीचं ते निवडा असा त्याचा अर्थ लावतात. शेवटचे चार शब्द कुणी वाचतच नाही, आणि वर्षाला २ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा सगळा हिशेब त्या चार शब्दांवर आहे. किलोमीटर धरून बसलात तर पहिलं ऑइल पाचव्या वर्षी बदलाल. महिन्यांचा रकाना धरलात तर तोवर ते पाच वेळा बदललेलं असेल. ‘महिने कंपनीनं पैसे काढायला टाकलेत’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. ते चुकताहेत, आणि त्यांचं ऐकून चांगल्या गाड्या खराब होतात, म्हणून हे जरा खोलात जाऊन सांगतो.

ऑइलपासूनच सुरुवात करू. ‘ऑइल वापरलंच कुठे?’ हा युक्तिवाद वरवर पटतो. पण इंजिनात काय होतं ते बघा. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलपाशी उतरते. इंजिन गार असताना तिचं पाणी होतं. शिवाय गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये ओघळतं. इंजिन व्यवस्थित तापलं की हे पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून जातं. न तापताच बंद केलं की आतच राहतं. त्यातून आम्ल तयार होतं, ऑइल पातळ होतं, आणि आम्लाला थोपवण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपतात.

म्हणून दोन गाड्यांचं रीडिंग सारखं असलं तरी त्या सारख्या नसतात. एक गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघाली आणि दीड-दोनशे किलोमीटर जाऊन आली. दुसरी दर खेपेला २ किलोमीटर गेली आणि बंद झाली. वर्षाअखेर दोघींचे २ हजार झाले, पण दुसरीचं इंजिन १ हजार वेळा गार स्थितीत चालू झालं आणि एकदाही पुरतं तापलं नाही. पहिलीचं ऑइल वर्षभर सहज जाईल. दुसरीचं मी सहा महिन्यांत बदलेन. बऱ्याच पुस्तिकांत अशा छोट्या खेपा ‘कठीण वापर’ या सदरात धरून ऑइलची मुदत कमी दिलेली असते. ते पान आवर्जून शोधा. आणि तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं, असं समजू नका. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, त्याला सलग वीस मिनिटं ते अर्धा तास रस्त्यावर चालणं लागतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इंजिन गार असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करा. सतत चालणाऱ्या गाडीत तिथे तपकिरी, पातळसा थर दिसतो. छोट्या खेपांच्या गाडीत पिवळट पांढरा, चिकट, फेसासारखा थर असतो. बोटानं पुसला की निघतो. ते ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं मिश्रण आहे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेल्यावर कूलंट ऑइलमध्ये मिसळूनही असाच थर येतो, म्हणून घाबरण्याआधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा आणि कूलंटची पातळी काही दिवस लक्षात ठेवा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट घटत नसेल, तर बहुतेक वेळा ती फक्त न तापण्याची खूण असते.

इथेच मला सगळ्यात जास्त खटकणारी सवय सांगायला हवी. ‘गाडी उभीच असते, पण दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो.’ हे करणारे गाडीवर जीव लावणारे लोक असतात, म्हणूनच वाईट वाटतं. जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालवलं की वर सांगितलेलं सगळं नुकसान होतं आणि फायदा जवळपास काहीच होत नाही. ऑइल तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो. सेल मारताना बॅटरीतून जे गेलं ते आयडलवर पुरतं भरून येईलच असं नाही. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स तर जागचे हलतही नाहीत. गाडीला खरंच काही द्यायचं असेल तर दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्या, एसी लावून न्या. एसीच्या गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरच्या सीलला ओलं ठेवतं, ते फिरलं नाही तर सील सुकून गॅस निसटतो. तेवढंही जमत नसेल तर इंजिनाला हात न लावता बॅटरीला चार्जर लावून ठेवा. दहा मिनिटांच्या आयडलपेक्षा ते कितीतरी बरं.

ब्रेक ऑइलचा तर किलोमीटरशी संबंधच नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली म्हणून ते थांबत नाही. आकडे बघा: डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क तापल्या की हा फरक पायाला कळतो. ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल आत जातं, पण गाडी थांबत नाही. रोजच्या सपाट रस्त्यावर मात्र हेच ब्रेक अगदी ठीक वाटतात. त्यामुळे चालवून बघून हे कळत नाही. साधारण २ वर्षांनी ते बदलायचं, आणि आधीच्या मालकाकडे नोंद नसेल तर बदललेलं नाही असंच धरायचं.

टायरच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. घेतलेल्या गाडीच्या टायरांची नक्षी इतकी खोल होती की बघूनच समाधान वाटलं. तीन आठवड्यांनी एका टायरला बाजूनं फुगवटा आला. टायरवाल्यानं चाक काढून आतली बाजू उजेडात धरली, तेव्हा खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं. टायर ९ वर्षांचे होते. झिजले नव्हते, पण सुकले होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण तारीख कधीकधी एकाच बाजूला असते आणि ती नेमकी आतल्या बाजूला गेलेली असते, त्यामुळे वाकून, टॉर्च घेऊन बघावं लागतं. ५ वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि १० वर्षांनंतर नक्षी कितीही असो टायर नकोच, हा सर्वसाधारण नियम. मी स्वतः ७ वर्षांपुढे जात नाही, कारण कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. आणि स्टेपनी विसरू नका. ती एकदाही जमिनीला लागली नसली तरी तिचं वय गाडीएवढंच आहे.

इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे गाडी घेतानाच विचारा. चेन असेल तर वर्षांची चिंता फारशी नाही. बेल्ट असेल तर त्यालाही किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मुदती असतात, आणि कमी चाललेल्या गाडीत वर्षांची मुदत कधीच उलटून गेलेली असते. बाहेरून बेल्ट शाबूत दिसतो आणि लोक त्यावर विसंबतात. पण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की वर-खाली होणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर मी ‘बघून ठरवू’ म्हणत नाही, बदलतो. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच खोलाखोलीत.

उभं राहिल्यानं होणारी आणखी एक गोष्ट सर्व्हिसिंगच्या तक्त्यात नसते. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज येतो. तो वरवरचा असेल तर चार वेळा ब्रेक मारल्यावर जातो, त्याचं काही नाही. पण कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून अडकल्या, तर पॅड डिस्कला घासत राहतो. वीस मिनिटं गाडी चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता सावकाश थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, धातूला लावू नका. पुढची दोन चाकं आपसांत आणि मागची दोन आपसांत ताडून बघा. जोडीतलं एक जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं ग्रीस लावून बसवल्या की बहुतेक वेळा काम होतं. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने उभ्या ठेवलेल्या गाडीत मागच्या ब्रेकचंही हेच होतं. म्हणून सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी (अडसर) लावावी, हँडब्रेक सोडून द्यावा.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी काही तास विसावल्यावर मोजली आणि १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर भरलेली, १२.४ खाली गेली तर चार्ज करा. बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली असेल तर तिच्यावर जीव टाकू नका, नवी घ्या. कूलंटचा रंग चांगला दिसतो म्हणून ते चांगलं असतं असं नाही, गंज रोखणारी द्रव्यं रंग न बदलता संपतात. टाकीत वर्षभर पडून राहिलेलं पेट्रोल काढून टाका, विशेषतः त्यात इथेनॉल असेल तर, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. आणि गाडी डिझेलची, धूर गाळणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेली असेल, तर छोट्या खेपांसाठी ती मुळातच घेऊ नका. त्या फिल्टरमधली काजळी जळायला धूर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि दोन-चार किलोमीटरांत ते होत नाही.

आता उलट्या टोकाबद्दलही. हे सगळं वाचून गॅरेजवाल्याला ‘सगळंच बदला’ म्हणू नका. क्लच, पॅड, शॉक अब्सॉर्बर चांगले असतील तर राहू द्या, ते किलोमीटरचे मामले आहेत. आणि इंजिन फ्लश नावाचं रसायन ऑइलमध्ये ओतून आतला गाळ एका दमात सोडवू देऊ नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनाला ऑइल मिळणं बंद होतं. मी दोनदा ऑइल बदलतो: घेतल्याघेतल्या एकदा, फिल्टरसकट, आणि हजार-दीड हजार किलोमीटर नीट तापवून चालवल्यावर पुन्हा एकदा. गाळ हळूहळू सुटतो आणि दुसऱ्या ऑइलबरोबर निघून जातो.

या पहिल्या हजार किलोमीटरांत एक काम तेवढं करा. वर्षानुवर्षं सुकलेली सील गाडी रोज तापायला लागल्यावर पाझरू लागतात, त्यामुळे विकत घेताना कोरडं दिसलेलं इंजिन महिन्याभरानं ओलं दिसू शकतं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि त्यावर चाकांच्या जागा पेननं आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा: इंजिनाखाली काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल, पुढे रंगीत आणि पाण्यासारखं म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर आणि बुळबुळीत म्हणजे ब्रेक ऑइल. या शेवटच्या डागाला गाडी तिथून हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.