इंग्लंडचे बिनपगारी मॅजिस्ट्रेट आणि त्यांचं ट्रेनिंग: थोडी पार्श्वभूमी

इंग्लंड आणि वेल्समध्ये फौजदारी केसेस जवळजवळ सगळ्या आधी मॅजिस्ट्रेट कोर्टात येतात आणि ९० टक्क्यांहून जास्त तिथेच निकालात निघतात. तिथे बेंचवर बसलेले तिघं बहुतेक वेळा कायदा शिकलेलेच नसतात, कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी रिटायर झालेलं, पगार शून्य, फक्त प्रवासखर्च आणि ठराविक भत्ता, आणि वर्षाला किमान १३ दिवस कोर्टात बसायचं. हीच माणसं दुसऱ्याला जेलमध्ये पाठवू शकतात. मग त्यांना हे काम शिकवतं कोण? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर यायला सहाशे वर्षं लागली.

या पदाची सुरुवात ११९५ पर्यंत मागे नेतात, पहिल्या रिचर्डच्या काळात शांतता राखायला सरदार नेमले तिथपर्यंत, पण ‘जस्टिस ऑफ द पीस’ (जे.पी., म्हणजे हेच मॅजिस्ट्रेट) हे पद कायद्यात पक्कं झालं ते १३६१ साली, तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात. त्यानंतर कित्येक शतकं गावचा जमीनदारच जे.पी., कारण १९०६ पर्यंत मालमत्तेची अट होती. मुंबईकरांना ही जे.पी. अक्षरं नवी नाहीत, १८३० च्या दशकात जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय असे पहिले भारतीय जे.पी. झाले आणि १८६५ च्या कायद्यानंतर तर शहराचा म्युनिसिपल कारभारच या जस्टिसेसकडे आला. आपल्याकडे ते पद पुढे मानापुरतं आणि सही-शिक्क्यापुरतं उरलं, तिकडे मात्र ते रोजचं कोर्ट चालवत राहिलं.

आता इतकी वर्षं ट्रेनिंगशिवाय कसं चाललं? तर क्लार्कमुळे. प्रत्येक बेंचला एक क्लार्क असायचा, बहुतेकदा तिथलाच सॉलिसिटर म्हणजे वकील, तो कायदा सांगायचा आणि मॅजिस्ट्रेट निर्णय द्यायचे. यातला धोका १९२४ च्या ससेक्स जस्टिसेस केसमध्ये चव्हाट्यावर आला. एका मोटरसायकलवाल्याला अपघातावरून दोषी धरलं होतं, निर्णय ठरवायला बेंच आत गेला तेव्हा क्लार्कही सोबत आत गेला, आणि त्याच अपघातात नुकसानभरपाई मागणाऱ्या समोरच्या पार्टीचं काम याच क्लार्कच्या फर्मकडे होतं. आम्ही त्याला काही विचारलं नाही असं मॅजिस्ट्रेटनी सांगितलं तरी हायकोर्टाने शिक्षा रद्द केली, आणि न्याय नुसता होऊन चालत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे हे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्युवर्ट यांचं प्रसिद्ध म्हणणं इथलंच. ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण बेंचला स्वतःला काही येत नसेल तर तो शेजारच्या माणसावर किती अवलंबून राहतो, ही त्यातली दुसरी गोष्ट मला तितकीच मोठी वाटते.

मधल्या काळात बेंचवरची माणसंही बदलत होती. ३१ डिसेंबर १९१९ ला स्टॅलीब्रिजच्या मेयर एडा समर्स यांनी पहिल्या महिला मॅजिस्ट्रेट म्हणून शपथ घेतली आणि १९२० मध्ये मॅजिस्ट्रेट्स असोसिएशन स्थापन झाली. पण ट्रेनिंगची सक्ती कुठेच नव्हती. जास्त शिकवलं तर सामान्य माणसाचा साधा विवेक हरवेल, तो अर्धवट वकील होईल, असं मानणारे खूप होते. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण शिक्षा किती द्यायची आणि जामीन कधी नाकारायचा हे नुसत्या विवेकावर सोडलं की एका गावात दंड आणि शेजारच्या गावात जेल असं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉर्ड डू पार्क यांचा रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग बसला, १९४८ ला रिपोर्ट आला आणि १९४९ च्या कायद्याने प्रत्येक भागात या कोर्टांचा कारभार बघणाऱ्या मॅजिस्ट्रेट्स कोर्ट कमिटीवर ट्रेनिंगची योजना करायची जबाबदारी आली. म्हणजे शिकवणं पहिल्यापासून स्थानिकच, काउंटी-काउंटीने वेगळं. ज्यांची नेमणूक १ जानेवारी १९६६ पासून पुढची, त्यांना ते सक्तीचं झालं. दर्जा मात्र सगळीकडे सारखा नव्हता, चांगला क्लार्क असेल तिथे चांगलं आणि नसेल तिथे उरकून टाकलेलं. १९७९ ला न्यायाधीशांच्या ट्रेनिंगसाठी ज्युडिशियल स्टडीज बोर्ड आला, १९८५ ला मॅजिस्ट्रेटचं ट्रेनिंगही त्याच्या कक्षेत घेतलं गेलं, पण वर्ग घ्यायचे ते स्थानिक लोकच.

खरा बदल १९९८ च्या आसपास झाला. तोवर किती तास वर्गात बसलात हे मोजायचे, आता काम येतं का हे बघायला लागले. नव्या मॅजिस्ट्रेटला अनुभवी मेंटॉर द्यायचा, जेल आणि प्रोबेशनचं (जेलबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेखीचं) काम प्रत्यक्ष दाखवायचं, वर्षभराने परत एकत्र शिकवायचं आणि मग सहकारी मॅजिस्ट्रेटनेच कोर्टात शेजारी बसून त्याचं काम तपासायचं. हे शेजारी बसून तपासणं मला सगळ्यात आवडतं, कारण मॅजिस्ट्रेटनं आरोपीचं म्हणणं ऐकून घेतलं की मधेच तोडलं हे कुठल्याही लेखी परीक्षेत दिसत नाही. २ ऑक्टोबर २००० ला ह्यूमन राइट्स अ‍ॅक्ट म्हणजे मानवी हक्कांचा कायदा लागू झाला, त्याआधी देशभरच्या मॅजिस्ट्रेटना तो शिकवायचा होता, कारण निर्णयामागची कारणं नीट मांडून सांगण्याला आता फार वजन आलं होतं, आणि ते काम याच स्थानिक यंत्रणेनं पार पाडलं.

२००५ मध्ये जुन्या कोर्ट कमिट्या गेल्या, सगळी कोर्टं एका राष्ट्रीय सेवेखाली आली, आणि लँकेशायर, ग्रेटर मँचेस्टर, मर्सीसाइड या भागांत नेमणुका डची ऑफ लँकेस्टर या राजाच्या जुन्या जहागिरीचे चान्सलर करायचे तीही प्रथा संपली. ट्रेनिंगसाठी बेंचच्या कमिट्या आणि त्यांच्यावर एरिया कमिट्या बनल्या, ज्यात मॅजिस्ट्रेट स्वतः बसून आपल्या भागात यंदा काय शिकवायचं, पैसे कुठे लावायचे हे ठरवायचे. २०११ ला बोर्डाच्या जागी ज्युडिशियल कॉलेज आलं आणि २०१६ ला कमिट्यांची रचना पुन्हा बदलली. आता साधारण असं आहे की अभ्यासक्रम कॉलेज बनवतं आणि कोर्टाचे लीगल अ‍ॅडव्हायजर, म्हणजे जुन्या क्लार्कचे वारसच, आपापल्या भागात तो शिकवतात. स्कॉटलंडचं वेगळं, तिथे जे.पी. कोर्टं आणि त्यांचं ट्रेनिंग सहा शेरिफडमनुसार, म्हणजे कोर्टांच्या विभागांनुसार चालतं.

या लोकल भागावर माझा फार भर आहे, कारण शिकवणारा आणि शिकणारा दुसऱ्या दिवशी त्याच कोर्टात भेटतात, तिथल्या केसेस कशा असतात हे दोघांनाही माहीत असतं. पण २००० च्या दशकात साधारण ३०,००० असलेले मॅजिस्ट्रेट २०२२ पर्यंत १३,००० च्याही खाली आले, कितीतरी कोर्टं बंद झाली, त्यामुळे मेंटॉर व्हायला अनुभवी माणसंही कमी उरली. २०२२ च्या जानेवारीत सरकारने ४,००० नवे भरायची मोहीम काढली, त्याच वर्षी रिटायरमेंटचं वय ७० वरून ७५ केलं, आणि मे महिन्यात एका गुन्ह्याला सहा महिन्यांऐवजी एक वर्षापर्यंत जेल द्यायचा अधिकार दिला. तो मार्च २०२३ मध्ये परत घेतला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिला, आणि या अधिकारासाठी जुन्या-नव्या सगळ्यांना शिकवायचं ओझं पुन्हा त्याच लीगल अ‍ॅडव्हायजरवर, जे दिवसभर कोर्टातही बसतात.