माकडे आजही आहेत, मग माणूस आला कुठून?

“माणूस माकडापासून झाला असेल, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?” हा प्रश्न वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रश्न रास्त आहे; त्यामागचे गृहीतक मात्र चुकीचे आहे. आजच्या माकडांपासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता आणि साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या, एवढेच त्याचे म्हणणे आहे. तेलंगणातून विणकर कुटुंबे सोलापुरात येऊन स्थायिक झाली, म्हणून तिकडे राहिलेले त्यांचे भाऊबंद नाहीसे झाले नाहीत किंवा सोलापूरकरही झाले नाहीत. दोन्ही घरे आपापल्या वाटेने वाढली.

याची पडताळणी करता येते. चिंपांझीच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारे धागे, असतात (२४ जोड्या), तर माणसाच्या पेशीत ४६ (२३ जोड्या). पूर्वज एकच असेल, तर आपल्याकडे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेलेली दिसायला हवीत. आपले दुसरे गुणसूत्र नेमके तसेच आहे: एरवी केवळ टोकांना आढळणारी रचना त्याच्या मधोमध सापडते. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. प्रयोगशाळा दूर असेल, तर पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक चाचपून पाहावे. शेपटीच्या त्या उरलेल्या, जुळून गेलेल्या मणक्यांना मराठीत माकडहाडच म्हणतात.