अंतःकरणातील बंडखोरी

देवाची सत्ता तोंडाने मान्य करून मनाने ती नाकारत राहण्याच्या अवस्थेला ख्रिस्ती धर्मविचारात अंतःकरणातील बंडखोरी म्हणतात. ती स्वतःत ओळखणे आणि देवापुढे कबूल करणे हा पश्चात्तापाचा गाभा मानला जातो. एखादे वाईट कृत्य केल्याची खंत आणि ही कबुली यांत फरक आहे. खंत परिणामांची किंवा लोकलाजेचीही असू शकते. कबुलीत मात्र ‘मला देवाचे ऐकायचे नव्हते’ एवढे साधे आणि अवघड विधान करावे लागते. मुंबईतील मराठी ख्रिस्ती समाजात, गिरगाव-भायखळ्याच्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तसेच कॅथलिक धर्मग्रामांत, या आत्मपरीक्षणाला उपासनेच्या वार्षिक क्रमात निश्चित स्थान आहे.

बायबलमधील या विषयाची सर्वांत बोलकी कथा इस्राएलच्या शौल राजाची आहे (१ शमुवेल १५). अमालेकी या शत्रू टोळीचे काहीही राखू नये अशी देवाची आज्ञा असताना त्याने त्यांचा राजा अगाग याला आणि उत्तम मेंढरे-गुरांना वाचवले, आणि शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारताच ही जनावरे देवाला यज्ञ करण्यासाठीच राखली, असे उत्तर दिले. यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे शमुवेलाचे प्रत्युत्तर प्रसिद्ध आहे. येथे अवज्ञा उपासनेचेच वस्त्र पांघरून येते आणि तिला धार्मिक कारण सापडलेले असते, म्हणून ती करणाऱ्यालाही दिसत नाही. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (अध्याय १५) थोरला भाऊ अशाच जागी उभा आहे. त्याने बापाची एकही आज्ञा मोडलेली नाही, तरी संपत्ती उधळून परत आलेल्या धाकट्याच्या स्वागताची मेजवानी सुरू झाल्यावर तो घराबाहेर रुसून राहतो. प्रवचनांत धाकट्यावरच अधिक वेळ खर्च होतो. नियमित चर्चला येणाऱ्या श्रोत्यांना थोरला अधिक लागू पडतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. यिर्मयाने हृदय सर्वांत कपटी असल्याचे म्हटले आहे (१७:९). त्यामुळेच स्वतःची झडती स्वतः घेणे पुरेसे मानले जात नाही आणि स्तोत्र १३९ च्या अखेरीस ती झडती देवानेच घ्यावी, अशी विनंती येते. दुसऱ्याची पत्नी बळकावणाऱ्या दावीद राजालाही आपला अपराध आपण होऊन दिसला नाही. नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीतील श्रीमंत माणसावर तो संतापला, आणि तो माणूस म्हणजे तूच, असे ऐकल्यावरच भानावर आला.

देवाशी भांडणे म्हणजे मात्र बंडखोरी नव्हे. निरपराध असून दुःख भोगणारा ईयोब देवाला जाब विचारतो आणि विलापाची स्तोत्रे देव झोपला आहे काय असे विचारतात. तरीही ते सारे देवाला उद्देशूनच बोललेले आहे. विठ्ठलाशी हक्काने भांडणाऱ्या नामदेव-तुकारामांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बंडखोरीची खूण आवाज चढण्यात नसून पाठ फिरवण्यात आहे, आणि ती पुष्कळदा अगदी शांत असते. योना संदेष्टा देवाने पाठवलेल्या निनवे शहरी जायचे टाळण्यासाठी एक शब्दही न बोलता दूरच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसतो. तक्रार तो पुढे, अखेरच्या अध्यायात करतो.

मुंबईत प्रॉटेस्टंट परंपरेत हा विचार मराठीतून मांडला जाण्यास अमेरिकन मराठी मिशनपासून सुरुवात झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये येथे आले आणि १८२६ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. १८६७ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने अवतारकल्पना व मूर्तिपूजा नाकारली. तेथील रानडे-भांडारकरांच्या उपदेशांत तुकोबांचे अभंग आणि अनुताप यांना मोठी जागा होती. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि त्यांची भक्तिगीते मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. पंडिता रमाबाईंचे उदाहरण विषयाच्या अधिक जवळचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. परंतु आपल्याला तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे स्वतःविषयी लिहिले. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी धार्मिक जागृती झाली, तिच्यात पापांची कबुली उघड आणि अश्रूंसह दिली जात असे.

आजची रीत त्या मानाने संयत आहे. कॅथलिकांत राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यापूर्वी धर्मगुरूंकडे पापनिवेदन करणाऱ्यांच्या रांगा वाढतात; वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाजवळ दिली जाते. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, हे पौलाचे वचन (१ करिंथ ११:२८) वाचले जाते आणि त्यानंतर काही क्षण सारे निःशब्द बसतात. ही क्षणभराची शांतता पुरेशी आहे का, हा प्रश्न रास्त आहे. तथापि उलट टोकाचा धोकाही परंपरेला ठाऊक आहे. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करी आणि तरीही त्याचे समाधान होत नसे. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसलाही अशाच अतिसूक्ष्म शंकांनी छळले होते. त्याने पुढे आखून दिलेल्या दैनिक आत्मपरीक्षणात म्हणूनच पहिली पायरी दोषशोधनाची ठेवलेली नाही. दिवसभरात मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार आधी मानायचे असतात, आणि मग आपण कोठे पाठ फिरवली ते पाहायचे असते.