बाबवार दर, ठोक रक्कम आणि दोहोंच्या मधला फुटाचा दर

कोल्हापुरात कोणी घर बांधायला काढले की पाहुण्यारावळ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'फुटाला काय दर ठरला?' उत्तर एका आकड्यात मिळत असल्याने, जेवढे काम होईल तेवढे मोजून पैसे द्यायचे आहेत, असा मालकाचा समज होतो. वास्तविक हा ठोक रकमेचाच व्यवहार असतो. ती रक्कम क्षेत्रफळाने भागून सांगितलेली असते, इतकेच.

बाबवार दराच्या कंत्राटात खोदाई, काँक्रीट, वीटकाम, गिलावा अशा प्रत्येक बाबीचा दर ठरतो आणि बिल जागेवर घेतलेल्या मोजमापावरून निघते. काम वाढले तर खर्च मालकाचा, घटले तर बचतही त्याचीच. ठोक रकमेच्या कंत्राटात नकाशे आणि तपशील समोर ठेवून पूर्ण कामाची एकच रक्कम ठरते, त्यामुळे अंदाज चुकल्याचा भुर्दंड ठेकेदाराच्या माथी बसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाने निविदेचे नमुनेही यासाठी वेगळे ठेवले आहेत: बाबवार दरांसाठी बी-२ आणि ठोक रकमेसाठी सी.

हा फरक खरा कळतो तो पायाच्या खड्ड्यात. समजा, १२ कॉलमचे ५ फूट बाय ५ फुटांचे खड्डे ५ फूट खोल धरले होते आणि खाली काळी माती संपेचना, म्हणून कठीण मुरूम लागेपर्यंत ८ फूट जावे लागले. वाढीव खोदाई ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास झाली. बाबवार कंत्राटात या ९ ब्रासचे पैसे ठरल्या दराने मालक देतो आणि विषय मिटतो; ठोक कंत्राटात, वेगळी अट लिहिलेली नसेल, तर ते ठेकेदाराच्या अंगावर पडतात. फुटाच्या दरात मात्र पाया किती खोल धरला होता हेच कुठे लिहिलेले नसते, आणि मग खड्ड्याच्या काठावर उभे राहून वाद सुरू होतो. पोर्च आणि बाल्कनी पूर्ण मोजायची की अर्धी, हा वाद स्लॅब पडल्यावर होतो तो वेगळाच.

ठोक रकमेत जोखीम ठेकेदाराची, म्हणून तीच बरी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या सुरक्षिततेची किंमत मालकाने आधीच चुकवायची असते, आणि ती म्हणजे स्वतःचे मन पक्के करणे. पुढे वरचा मजला चढवायचा आहे का, हे पायाची आखणी होण्यापूर्वी सांगावे लागते, कारण फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया, आणि कॉलम यांचे माप त्यावर ठरते. आई-वडिलांची खोली खाली हवी का, तळमजला भाड्याने द्यायचा का, हे आर्किटेक्टला अंदाजाने कळत नाही. नदीकडच्या भागात जोत्याची उंची हाही मालकानेच काढायचा विषय आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी सगळ्यांना पाठ असते, पण ती बंधाऱ्यावरची मोजपट्टी आहे, आपल्या प्लॉटची नव्हे. त्यापेक्षा २०१९ आणि २०२१ च्या पुराची शेजारच्या भिंतीवरची खूण आर्किटेक्टला नेऊन दाखवणे अधिक उपयोगाचे. या गोष्टी लेखी न देता ठोक रक्कम ठरवली, तर 'ते बघू नंतर' म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट पुढे जादा काम म्हणून बिलात येते, आणि तिचा दर ठरवताना मालकाच्या हातात दुसरा ठेकेदार नसतो.

माझ्या मते साध्या घरासाठी जोत्यापर्यंतचे काम बाबवार दराने आणि जोत्यावरचे ठोक रकमेने देणे हिताचे असते, कारण जमिनीखाली काय लागेल हे ठेकेदारालाही माहीत नसते आणि ती अनिश्चितता त्याच्यावर टाकली तर तो ती दरात धरूनच टाकतो. फक्त खड्ड्यांची मोजमापे तळाचे काँक्रीट पडण्यापूर्वी, दोघांच्या समक्ष टेप लावून घ्यावीत आणि वहीत त्याच दिवशी दोघांच्या सह्या व्हाव्यात. एकदा भराव झाला की खड्ड्याची खोली तोंडीच उरते.